काकवीतली घंटी

मध्यंतरी गोठ्याचं छप्पर उतरवताना पाचटाखालून दादांची, माझ्या वडिलांची, सायकल निघाली. हात लावला तर तळव्याला तांबूस भुकटी आणि नाकाला ओल्या लोखंडाचा वास. भंगारवाला दारातच उभा होता. त्याला रिकाम्या हाती परत पाठवलं.

इनामगावच्या या ऊसपट्ट्यात गंजावरचं औषध घरातच सापडतं. एक वाटी काकवी, नऊ-दहा वाट्या पाणी. त्यात लोखंड आठवडा-दोन आठवडे बुडवायचं. काकवी गंज सोडवते, खालचं लोखंड फारसं दुखवत नाही. अ‍ॅल्युमिनियम मात्र घालू नये, ते खाल्लं जातं. हँडल, ब्रेकच्या दांड्या, घंटीची वाटी आणि खटका बुडवला. अंगणात आंबूस वास सुटला.

ही घंटी दादा घोड नदीकडून येताना वळणावर एकदाच वाजवायचे. आई तवा चुलीवर ठेवायची. एक दिवस घंटी वाजलीच नाही.

दादा तेव्हा उत्खननावर मजुरीला जात. 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजनं इथं खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. 1600 ते 700 च्या सुमाराची वस्ती, तांबं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची. दादा सांगायचे, ढेकूळ फोडायचं नाही, ब्रशनं झाडायचं. तांब्यावरचा हिरवा थर खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यानं सुटतो आणि खालचं उघडं पाडतो.

म्हणूनच सायकलच्या दुकानदारावरचा माझा राग जात नाही. दादा आजारी असताना त्यानं गंज न काढता वरून रुपेरी रंग फासला. रंगाच्या आत सायकल कुजत राहिली.

तेराव्या दिवशी वाटी काढली, धुतली, लगेच उन्हात वाळवून तेल लावलं. ओली राहिली तर काही तासांत पुन्हा गंज धरते. खटक्यावर अंगठ्यानं झिजलेली खळगी दिसली. गंज गेला, ती राहिली.

घंटी न वाजलेल्या दिवशी उत्खननात एका घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण निघाले होते. आत तान्ह्या पोराची हाडं. दादा जेवले नाहीत. धाकटीला मांडीवर घेऊन बसले. "पोराला घरातच ठेवलं होतं गं त्यांनी," एवढंच आईला म्हणाले.

भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आपली वस्तू आठवडाभर काकवीत ठेवून पाहा.