हैदराबादेतील जलसफर

समुद्रकाठी राहणाऱ्या आम्हां वसईकरांनी जलसफरीसाठी हैदराबाद गाठावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु दिवाळीच्या सुटीत धर्मग्रामातील चार कुटुंबांसह मी तेथे गेलो असता, दिवसभरासाठी कोणती नाव धरावी यावर चांगलाच वाद झाला.

मुलांना हुसेनसागर हवा होता. तो शहरातच, बुद्धमूर्ती पाहून लगेच परत. १९९० साली ही अखंड शिळेची मूर्ती नेणारा तराफा उलटून दहा जण मरण पावले आणि १९९२ पर्यंत मूर्ती तळाशीच राहिली, हे ऐकून तर मुले अधिकच उत्सुक झाली!

मी नागार्जुनकोंड्याच्या पक्षाचा. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या इक्ष्वाकूंच्या राजधानीतील निवडक अवशेष डोंगरमाथ्यावर हलविले गेले, आणि तो डोंगरच आज बेट झाला आहे. मोटारीने सुमारे दीडशे किलोमीटर, पुढे नाव. संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद असते.

निर्णय केला तो आमच्यातील एका वृद्ध तांडेलाने. २०१९ च्या सप्टेंबरात पूर आलेल्या गोदावरीत कच्चुलूरजवळ पर्यटकांची नाव बुडाली, हे त्यांना ठाऊक होते.

"फादर, कोंड्यालाच जाऊ. पण आधी जाकिटे मोजू, मग आभाळ पाहू."

धक्क्यावर त्यांनी खरोखरच जाकिटे मोजली. पहिली नाव भरत आलेली पाहून आम्हांस दुसरीसाठी थांबविले. मुले कुरकुरली, मीही दोनदा घड्याळ पाहिले. दुसऱ्या नावेत मात्र तांडेल निश्चिंतपणे डबा उघडून बसले.