रॉबर्ट फर्चगॉट आणि महाधमनीची पट्टी

रॉबर्ट फर्चगॉट (1916–2009) यांच्या संशोधनाचा विचार करताना ते मुळात रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते, हे ध्यानात ठेवावे लागते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून 1940 मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात ‘शॉक’वर, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेवर, काम केले आणि 1949 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आल्यावर ते औषधक्रियाविज्ञानाकडे वळले.

तेथे त्यांनी जे साधन बसवले ते दिसायला अगदी साधे होते. सशाच्या छातीतील महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, तिरकी फिरवत कापायची, तिची लांब पट्टी काढायची, ती शरीराइतक्याच उबदार आणि ऑक्सिजनयुक्त क्षारद्रावणात टांगायची, आणि द्रावणात औषध सोडल्यावर भिंतीतील अनैच्छिक स्नायू आखडतात की सैलावतात याची नोंद घ्यायची. अडचण एकच होती. ॲसिटिलकोलीन हे चेतातंतूंच्या टोकाशी स्रवणारे रसायन जिवंत प्राण्याच्या शिरेत टोचले की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो, हे सर्वमान्य होते. फर्चगॉट यांच्या पट्टीला मात्र ते आखडवत असे. 1953 च्या निबंधात हा निष्कर्ष नोंदवला गेला आणि विसंगती पुढे पंचवीस वर्षे तशीच राहिली. औषधे पेशीवरील ज्या ठिकाणी चिकटतात त्या ‘ग्राहीं’च्या अभ्यासासाठी ही पट्टी उत्तम काम देत होती, त्यामुळे तिच्यावर संशय घेण्याची निकड कोणाला भासली नसावी. सेंट लुईसलाच दिसलेली दुसरी चमत्कारिक गोष्ट, म्हणजे प्रकाश पडताच पट्टी सैलावणे, हीसुद्धा उलगडा न होताच मागे राहिली.

1956 मध्ये ब्रुकलिनच्या राज्य विद्यापीठ वैद्यकीय केंद्रात विभागप्रमुख झाल्यावर फर्चगॉट यांनी ग्राहींच्या सिद्धांतावर मूलगामी काम केले. ते येथे बाजूला ठेवून 1978 च्या मे महिन्याकडे वळणे इष्ट, कारण कोडे तेथे सुटू लागले. ठरलेल्या क्रमानुसार महाधमनीचा तुकडा नॉरएपिनेफ्रिनने आखडवायचा, मग ते द्रावण पूर्ण धुऊन टाकायचे आणि त्यानंतर कार्बाकोल, म्हणजे ॲसिटिलकोलीनसारखे वागणारे औषध, सोडायचे होते. साहाय्यकाकडून मधले धुणे राहून गेले, आणि आधीच आखडलेला तुकडा कार्बाकोल पडताच सैलावला. चूक साहाय्यकाची असली, तरी तो आलेख रद्दी म्हणून न टाकता त्याचा पाठपुरावा करण्याचे श्रेय फर्चगॉट यांचेच मानावे लागते.

पुढील तपासात दिसले ते असे, की पट्टी तयार करताना तिची आतली बाजू बोटांवर किंवा दुसऱ्या पृष्ठभागावर नकळत घासली जात असे, आणि त्या घासण्याने रक्ताच्या थेट संपर्कात असणारा, एका पेशीच्या जाडीचा थर, ज्याला एंडोथेलियम किंवा अंतःस्तर म्हणतात, निघून जात असे; तो जपला तर तुकडा पट्टीच्या रूपात असो वा कड्याच्या, ॲसिटिलकोलीनने सैलावतच असे. याची निर्णायक परीक्षा ‘सँडविच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात झाली. अंतःस्तर खरवडून काढलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला अंतःस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी चिकटवून ठेवली, आणि पहिली, जी एकटी असताना सैलावत नव्हती, ती आता सैलावू लागली. म्हणजे अंतःस्तरातून कोणते तरी द्रव्य बाहेर पडून शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होते. सहकारी झवाड्स्की यांच्यासह लिहिलेला हा निबंध 1980 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

ते द्रव्य काही सेकंदांतच नष्ट होत असल्यामुळे बाटलीत गोळा करून तपासण्याजोगे नव्हते. तथापि हिमोग्लोबिनने त्याचा परिणाम थांबतो आणि आम्लयुक्त नायट्राइटच्या द्रावणाने, ज्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पट्टी तशीच क्षणिक सैलावते, या साम्यावरून फर्चगॉट यांनी 1986 मध्ये मेयो क्लिनिकच्या रोचेस्टर गावी भरलेल्या परिसंवादात हे द्रव्य नायट्रिक ऑक्साइड हा वायूच असावा, असे सुचवले. तेथेच लुई इग्नॅरो यांनीही स्वतंत्रपणे तोच तर्क मांडला. मोटारीच्या धुरात आढळणारा वायू शरीर स्वतः तयार करून संदेशवाहक म्हणून वापरते, ही कल्पना तेव्हा अनेकांना पचली नाही. हृदयशूळावर एकोणिसाव्या शतकापासून दिले जाणारे नायट्रोग्लिसरीन का लागू पडते, याचा धागा मात्र तिच्याशी जुळत होता, कारण त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि स्नायूतील चक्रीय जीएमपी या स्नायू सैलावणाऱ्या द्रव्याचे प्रमाण वाढवतो, हे फरीद मुराद यांनी सत्तरीच्या दशकातच दाखवले होते. त्याच 1986 साली माणसाच्या हृदधमन्यांत असेही आढळले, की मेदाचे थर साचून रोगट झालेली धमनी अंतःस्तर गमावलेल्या पट्टीप्रमाणेच ॲसिटिलकोलीनने रुंदावण्याऐवजी आखडते.

1998 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना विभागून मिळाले. अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड खरोखर बाहेर पडतो, हे 1987 मध्ये मोजून दाखवणाऱ्या साल्वादोर मोंकादा यांचे नाव त्यात नव्हते, आणि या वगळण्यावर तेव्हा उघड टीका झाली, ती अनाठायी म्हणता येत नाही.