काट्याला फोन जोडताना

दुधनीत आमच्या काकांची आडत आहे. तुरीच्या हंगामात अक्कलकोट तालुक्यातून आणि हद्दीपलीकडच्या आळंद भागातून माल येतो. ओट्यावर मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदतात. पोतं काट्यावर चढलं की मापाडी मामा वजन ओरडून सांगतात, दिवाणजी वहीत लिहितात आणि त्यावरून शेतकऱ्याची पट्टी होते.

एकदा मामांनी एकोणसत्तर सांगितलं, दिवाणजींनी एकोणसाठ लिहिलं. दहा किलो तूर गेली. शेतकऱ्याने पोती मनात मोजून ठेवली होती म्हणून सापडलं. (कानडीत हा घोळ होत नाही, तिथे ऐवत्तोंबत्तु आणि अरवत्तोंबत्तु, दशक आधी. पण दिवाणजींना कानडी आकडे येत नाहीत, म्हणून मामा मराठीत सांगतात.) त्या संध्याकाळी काका मला म्हणाले, "एवढं इंजिनिअरिंग शिकलास, काटा थेट फोनला जोडता येत नाही होय रे?"

येतं. अँड्रॉइडमध्ये २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून फोन स्वतः यूएसबीचा यजमान होऊ शकतो. काटा उघडायला मात्र बंदी. वैधमापनचं सील तोडणं गुन्हा आहे. पण मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट होतं. त्याला यूएसबीत बदलणारी केबल आणि एक ओटीजी जोडणी, एवढ्यावर काम भागतं असं मला वाटलं.

पहिली अडचण अगदी साधी. फोनला भोक एकच. त्यात काटा लावला तर लॅपटॉप कुठे लावणार? म्हणून वायफायवरून डीबगिंग, तेही काकांच्या दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर. काटा जोडलेला असताना चार्जिंगही नाही. मग स्क्रीनवर नुसता कचरा आला; काटा २४०० च्या वेगाने बोलत होता आणि मी ९६०० ने ऐकत होतो. सगळ्यात जास्त वेळ परवानगीने खाल्ला. फोन विचारायचा, या उपकरणाला परवानगी द्यायची का? मी हो म्हणायचो आणि ॲप सांगायचं, नाकारली. दोन रात्री गेल्या. अँड्रॉइड १२ पासून पेंडिंग इंटेंट बदलता येण्याजोगा आहे की नाही हे आधी सांगावं लागतं. मी सवयीने 'नाही' लिहिलं होतं. त्यामुळे माझा होकार त्यात भरलाच जात नव्हता, आणि रिकाम्या जागेचा अर्थ ॲप नकार असा लावत होतं.

शेवटी आकडे आले. काटा सेकंदाला अनेकदा वजन पाठवतो, कधी अर्धा आकडा आत्ता, अर्धा नंतर. ओळ पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि सलग दहा वेळा तोच आकडा आला की वजन स्थिर समजून आपोआप नोंदवायचं, असं मी ठरवलं. स्वतःवर खूशही झालो.

तिसऱ्याच पोत्याला मामांनी हमालाच्या पोटरीवर चापट मारली. "पाय काढ की." त्याचा पाय काट्याच्या कडेवर टेकलेला होता. तो पाय अगदी स्थिर होता. माझे दहाही आकडे एकसारखे आले होते, आणि दहाही चुकीचे. तेवढ्यात नोंद झालेली होती.

मग मी दिवसभर मामांच्या शेजारी उभा राहिलो. ते आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघतात. आधी पोत्याची टेकण, हमालाचे हात, काट्याखाली अडकलेला खडा, रिकाम्या काट्यावरचं शून्य. आणि हे सगळं मी 'वजन वाचणं' म्हणून एका फंक्शनमध्ये बसवलं होतं.

आपोआप नोंद काढून टाकली. आता मोठं हिरवं बटण आहे आणि ते मामाच दाबतात. पहिल्या दिवशी बटणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मग तोलाई कुणाला देणार मालक, मला की फोनला?" काका हसले. मला हसता आलं नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलाई कापायची की नाही, हा वाद राज्यातल्या बाजार समित्यांत जुना आहे, आणि त्या वादात माझं ॲप कोणत्या बाजूने उभं राहील हे मी कोड लिहिताना एकदाही मनात आणलं नव्हतं. "तुम्हालाच," काका म्हणाले. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग बटण दाबलं.

त्यांनी एक बदल मागितला. बटण दाबलं की फोनने वजन मोठ्याने सांगावं, शेतकऱ्याला ऐकू जाईल असं. आधी मराठीत, मग कानडीत. ते मी त्याच रात्री केलं. फोनचा कानडी उच्चार मामांना अजून पसंत नाही. प्रत्येक पोत्यामागे ते तो आकडा स्वतः पुन्हा म्हणून दाखवतात.