सात ते साडेआठ

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनात शाळा मोबाइलमध्ये शिरली. पुढे शाळा परत गेली, मोबाइल मात्र पोरांच्या हातातच राहिला. मग २०२२ साली गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याची मालिका त्याला लखलाभ! मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं.

मन एकाग्र करा म्हणणाऱ्यांचा आपल्याकडे तोटा नाही. वडगाव मनाच्या नादी लागलंच नाही, त्याने सरळ बटणाला हात घातला. एकट्याने फोन बाजूला ठेवला की जीव टांगणीला लागतो, जग पुढे चाललंय आणि आपण तेवढे मागे राहिलोय असं वाटतं. अख्ख्या आळीचाच फोन बंद असेल तर मागे राहणार कुणाच्या?

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना मात्र भोंगा लागत नाही. पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतारी-तंबोरे करायला घेतले. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा कोरणं, रंग देणं, नक्षी ही कामं गप्पा मारत उरकता येतात. जवारी, म्हणजे तारेची गुंज, काढायला बसलं, की तोंड मिटतं. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने हलकेच घासायचा, तार चढवायची, छेडायची, कान द्यायचा, तार सैल करून पुन्हा घासायचं. माथ्याला गोलावा हवा, पण नजरेला जेमतेम जाणवेल एवढाच. तार त्याला धड चिकटून राहता कामा नये, धड सुटता कामा नये. तंबोरा असेल तर मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचा, आणि इतका वेळ ठोकळ्यासारखी वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. इथे कानशीचा हात जरा जास्त पडला, की सगळं पहिल्यापासून. घासून गेलेलं परत भरून येत नाही.

आपल्या कामांना अशी घोडी नसते. चुकलं तर पुसता येतं, पाठवलेलं मागे घेता येतं. म्हणून तर अर्ध्या लक्षावर आपलं भागतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात भिलार आहे, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. घराघरांत पुस्तकं मांडलेली, बसायला जागा, बाहेर पाचगणीची हवा. तरी तिथे पुस्तक उघडण्याआधी पुस्तकासोबतचा फोटो निघतो. सगळं आहे, भोंगा तेवढा नाही. तुम्ही जाणार असाल तर एकच पुस्तक निवडा, फोन गाडीत ठेवा, आणि गाडीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन टाका.