यक रुपिया

रोह्याहून खालांनी मोबाईलवर फोटो पाठवला : सातव्या एडवर्डचा १९०५चा चांदीचा रुपया, त्यांच्या सासूबाईंच्या मेहरमधला. नातवाची फी भरायची होती आणि गिऱ्हाईक फोटोवरच भाव ठरवत होते.

पेणच्या माझ्या वर्गातली मुले त्यावरचे फारसी ‘यक रुपिया’ सहज वाचतील. नाण्याची अवस्था वाचणे अवघड. झीज आधी उंचवट्यांवर येते, राजाच्या गालावर, कानावरच्या केसांवर. समोरचा उजेड ओरखडे लपवतो, तिरका दाखवतो. चिंचेने घासलेले नाणे फोटोत नवे भासते, पण संग्राहक त्याचे मोल कमीच करतो. कडेला डाग दिसला. कधीतरी हारासाठी कडी जोडली असावी. वजन आणि खणखण मात्र फोटोत येत नाही.

मी कळवले, ‘‘खाला, घासू नका. आधी सोनाराच्या काट्यावर ठेवा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरले, की मग भाव बोला.’’