सैल हाताचा नेम

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भात मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. कुही, मांढळ, वेलतूर या भागातल्या गावांतही दिवसा दंडार आणि रात्री नाटक अशी धामधूम असते. पाळणा, भज्यांचे ठेले आणि बांगड्यांची दुकानं यांच्या पलीकडे, गर्दीच्या कडेला, फुगेवाल्याची फळी उभी राहते. फळीवर रांगेनं रंगीत फुगे टाचलेले असतात आणि तीन-चार हातांवरच्या टेबलावर छर्ऱ्याच्या बंदुका ठेवलेल्या असतात. दस्त्याचा रंग उडालेला, मागचं साइट एका बाजूला कललेलं. पोरगं नेम धरतं, बार होतो, फुगा जागच्या जागी राहतो. मागून कुणीतरी जाणता हमखास म्हणतो, "अबे, फुग्याकडं नको पाहू. छर्रा कुठं लागते ते पाय."

नेमबाजीचा पहिला धडा या सल्ल्यात पुरा आहे. पहिला बार फुग्यासाठी नसतोच. तो बंदूक कुठं मारते हे समजून घेण्यासाठी असतो. फळीवरच्या जुन्या भोकांत एक नवं भोक उमटतं. ते फुग्याच्या उजवीकडे चार बोटं दिसलं, तर पुढचा नेम डावीकडे चार बोटं सरकवायचा. बंदूक वाकडी असली तरी वाकडेपणात सातत्य असलं की काम भागतं. ज्याला हे कळलं, तो त्या मोडक्या बंदुकीनं एका रांगेतले फुगे उतरवतो आणि फुगेवाल्याच्या कपाळावर आठी येते.

स्वस्त एअरगनची ओढ इथूनच सुरू होते आणि ती खरी आहे. तिला पोरखेळ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी या यंत्राच्या पोटात एकदा डोकावून पाहावं. नळी मधून मोडून खाली खेचली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे अडकतो. नळीच्या उघडलेल्या मागच्या टोकाशी छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. दट्ट्या सुटतो, समोरची हवा दाबत जातो आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. दट्ट्यावर चामड्याचा किंवा प्लास्टिकचा वॉशर असतो. चामड्याच्या वॉशरला अधूनमधून थेंबभर तेल लागतं. कसलीही बाटली नाही, गॅस नाही, पंप नाही. जर्मनीत रास्टाट इथं 1890 मध्ये सुरू झालेल्या डायना कंपनीनं या रचनेच्या बंदुका घराघरांत पोचवल्या. तिच्या 35 क्रमांकाच्या मॉडेलची छाप भारतात बनणाऱ्या कित्येक बंदुकांवर अजून ओळखू येते.

या यंत्रात एक खोडी आहे. चाप ओढल्यावर जड दट्ट्या पुढे धावतो म्हणून बंदूक मागे ढकलली जाते. दट्ट्या हवेच्या गादीवर आदळतो तेव्हा तीच बंदूक पुढे झेपावते. हे दोन्ही हिसके काही हजारांश सेकंदांत होतात आणि छर्रा तेव्हा नळीतच असतो. म्हणजे चाप ओढल्यानंतरही नेम बिघडायला भरपूर वाव उरतो. नवखा माणूस यावर उपाय म्हणून बंदूक घट्ट आवळतो, दस्ता खांद्यात रुतवतो, नळी दगडावर टेकवतो, आणि त्याचे छर्रे नेमाच्या कार्डभर पसरतात. कारण त्याची मूठ दर खेपेला थोडी वेगळी आवळली जाते आणि बंदूक दर खेपेला वेगळी उसळते.

जमणारी पकड वेगळीच असते. डावा तळवा उघडा ठेवायचा, बंदूक त्यावर नुसती विसावू द्यायची, बोटांनी कवळायची नाही. दस्ता खांद्याला टेकलेला असतो, दाबलेला नसतो. गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी येतो. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर चापावर सरळ मागे दाब वाढवत जातं. बार झाल्यावर डोळा लगेच उचलायचा नाही. साइटमधून आणखी क्षणभर पाहत राहायचं. सैल धरलेली बंदूक दर वेळी तिच्या मनासारखी पण एकाच तऱ्हेनं उसळते. पाच छर्ऱ्यांची भोकं मग एका रुपयाच्या नाण्याखाली झाकण्याएवढी जवळ येतात. नेमबाज याला ग्रुप म्हणतात आणि एनसीसीत .22 रायफल चालवलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ग्रुप मधोमध पडला की नाही, हा नंतरचा प्रश्न. तो मागच्या साइटचा स्क्रू फिरवून सुटतो. ग्रुप मात्र स्क्रू फिरवून घट्ट होत नाही, तो माणसालाच करावा लागतो.

म्हणून या लेखकाचं मत ठाम आहे: स्वस्त स्प्रिंगची बंदूक ही महाग बंदुकीपेक्षा कडक मास्तर आहे. स्पर्धेच्या आयात रायफली आज दोन लाखांच्या पुढे जातात. त्यांत भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर बार होतो, हिसका जवळजवळ नसतो, चाप बोटाच्या इशाऱ्यावर सुटतो. त्या यंत्रांची थोरवी कुणी नाकारू नये, पण ती नवशिक्याच्या बऱ्याच चुका पोटात घालतात. काही हजारांची देशी स्प्रिंग रायफल एकही चूक पोटात घालत नाही. श्वास अडला, कोपर हलला, डोळा लवकर उचलला, सगळं कार्डावर उमटतं. छर्रेही स्वस्त, त्यामुळे रोज संध्याकाळी सराव परवडतो. या कलेत रोजच्या सरावाला पर्याय नाही.

दुकानात गेलेलं गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न ताकदीचा विचारतं. तो प्रश्नच चुकीचा आहे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगानं सुटला तर त्यात सुमारे 10 ज्यूल ऊर्जा असते. ऑलिम्पिकच्या 10 मीटर प्रकारातल्या रायफलींचा छर्रा याहूनही हळू, साधारण 175 मीटरच्या वेगानं जातो. तेवढ्या वेगात 10 मीटर अंतर कापताना तो दीडेक सेंटिमीटर खाली येतो, आणि साइट त्या हिशेबानं लावलेलं असतं. त्या स्पर्धेच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा असतो. तिथं ताकदीचा काय उपयोग? उपयोग आहे तो नळीच्या सरळपणाचा आणि छर्ऱ्याच्या सारखेपणाचा. कागदावर मारायचा तर चपट्या तोंडाचा छर्रा घ्यावा. त्याचं भोक पंच केल्यासारखं गोल आणि स्वच्छ पडतं, गुण मोजताना वाद होत नाही.

कायदाही याच मापात बोलतो. शस्त्र नियम 2016 प्रमाणे .177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. नळी त्याहून मोठी किंवा ताकद त्याहून जास्त असेल, तर परवाना लागतो. दुकानात कुणी हळूच जास्त दणकट स्प्रिंग बसवून देतो म्हणाला, तर तिथून उठावं. त्यानं नेम सुधारत नाही, बंदूक खिळखिळी होते आणि माणूस कायद्याच्या पलीकडे जातो.

आता कुहीपुरतं बोलायचं तर एक गोष्ट जरा मोठ्यानं सांगायला हवी. उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्याकडच्या पवनी तालुक्यांत पसरलेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झालं. इकडे वैनगंगा, गोसेखुर्दचं पाणी, धानाच्या बांध्या. पाणपक्ष्यांपासून तितर-लाव्यांपर्यंत सगळं दाराशी. अशा मुलखात स्वस्त बंदूक हाती आली की पोराची नजर पहिल्यांदा झाडाच्या फांदीकडे जाते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार शिकारीत मारणं येतं, जखमी करणं येतं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून पक्षी मारायला मोकळीक मिळत नाही. अरुणाचल प्रदेशात एअरगननं जंगलातले पक्षी इतके संपवत आणले की 2021 मध्ये सरकारनं लोकांना बंदुका जमा करण्याचं आवाहन केलं आणि गावोगावच्या लोकांनी त्या आणून दिल्या. ज्याला नेमाची आवड आहे, त्यानं ही बातमी आपल्याच घराण्यातल्या बदनामीसारखी मनाला लावून घ्यावी. होल्याच्या छातीवर धरलेला नेम सोपा असतो, कारण चुकला तरी किती चुकला हे कुणी मोजत नाही. कार्ड ते मोजतं.

कागदावरच्या नेमाची परंपरा आपल्याकडे काही लहानसहान नाही. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरचा टप्पा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, मध्य रेल्वेत नोकरी करत राहिला आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक घेऊन उभा राहिला. 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं पदकानंतर सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. ते वाचून अभिमान वाटतो, पण त्याहून जास्त एक हिशेब समोर येतो: या खेळाचं वरचं टोक महाग आहे. त्यामुळे खालचं टोक स्वस्त आणि उघडं राहिलंच पाहिजे, नाहीतर कांबळवाडीसारख्या गावांतून कुणी वर चढणारच नाही.

ते खालचं टोक शालेय स्पर्धांत आजही आहे. तिथं ओपन साइट एअर रायफल हा वेगळा प्रकार असतो. भिंगं नाहीत, मागे बारीक छिद्राची चकती नाही. मागची खाच, पुढची माशी आणि स्वतःचा डोळा, एवढंच. फुगेवाल्याच्या बंदुकीवरही हीच दोन साइट्स असतात. फरक इतकाच की इथं ती सरळ असतात. खाचेत माशी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माशीचा माथा खाचेच्या कडेशी समतल. आणि कार्डावरचं काळं वर्तुळ त्या माथ्यावर अलगद टेकवलेलं. नजर वर्तुळावर नाही, माशीवर. वर्तुळ थोडं धूसर दिसलं पाहिजे. हे जमायला पोरांना वेळ लागतो, कारण ज्याला मारायचं त्याच्याकडे न पाहणं मनाला पटत नाही.

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात गुत्त्यांमधून एअर रायफलच्या लीग चालत आल्या आहेत. सहा यार्डांवर लोखंडी पत्र्याला बोटाएवढं भोक, त्यामागे घंटा. छर्रा भोकातून गेला की घंटा वाजते. दिवसभर कारखान्यात राबलेली माणसं संध्याकाळी तिथं संघ करून उतरत. खर्च नगण्य, पण नियम काटेकोर आणि चुरस पिढ्यान्‌पिढ्यांची. साध्या बंदुकीच्या खेळाला प्रतिष्ठा देता येते, याचा हा चालता-बोलता दाखला.

कुहीत असा खेळ उभा करायला काय लागेल? शाळेची लांब ओसरी किंवा हंगामाबाहेर रिकामं पडलेलं गोदाम. मिरचीचे देठ खुडायचे सातरे असलेल्या या भागात लांब शेडची वाण नाही. 10 मीटर अंतर, मध्यबिंदू जमिनीपासून 1.4 मीटर उंचीवर. कार्डामागे लाकडी खोका, त्यात जाड जुन्या कापडाच्या घड्या. खोक्यामागे वाळूनं भरलेली पोती एकावर एक. भिंत, दगड किंवा जाड पत्रा उघडा ठेवायचा नाही. शिशाचा छर्रा कडक पृष्ठभागावरून उलटून डोळ्यापर्यंत येऊ शकतो. म्हणून मारणाऱ्याच्याच नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांवरही चष्मा हवा. छर्रे हाताळून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला रायफलचं कार्ड लावून पोरांना हिरमुसलं करू नये. पिस्तुलाचं कार्ड लावावं, त्यावरचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं आणि उघड्या साइटला तेच न्याय देतं.

शिकवण्याचा क्रम मात्र बदलू नये. पहिले काही दिवस छर्रा नाहीच. बंदूक धरून उभं राहायचं: पाय खांद्याएवढे रुंद, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकलेला, वजन स्नायूंवर न येता हाडांवर उतरलेलं. नेमबाज याला होल्डिंग म्हणतात. स्प्रिंगची बंदूक रिकामी उडवून ड्राय प्रॅक्टिस करता येत नाही. समोर छर्रा नसला की दट्ट्या थेट आदळतो आणि स्प्रिंग, वॉशर दोन्हींची वाट लागते. म्हणून नुसतं धरायचं, माशी डुलताना पाहायची, श्वास सोडून ती कुठं थांबते ते बघायचं, थकायच्या आत खाली ठेवायची. मग एका वेळी एकच छर्रा. रेषेच्या पुढे कुणीही असेल तर सगळ्या बंदुका नळी मोडून टेबलावर. हुकूम मिळाल्याखेरीज हात लावायचा नाही आणि चापावर बोट साइट लागेपर्यंत जायचं नाही. पाच-पाचच्या ग्रुपची कार्डं तारीख घालून वहीत चिकटवायची. गुणांची बेरीज लिहायची नाही. ग्रुपच्या दोन दूरच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचं. महिनाभरात तो आकडा खाली यायला लागला, की त्या पोराचं नाव सरांनी शालेय स्पर्धेच्या ओपन साइट गटात पाठवावं.