ओळखीचे दार

दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात पहाटे कुणाचे पाठांतर कानी आले नाही, की आजोबांना चुकल्याचुकल्यासारखे होई. साताऱ्याकडून बडोद्यास आलेले हे गृहस्थ संस्थानच्या महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. ‘आपल्या रक्तातच विद्या आहे,’ असे ते म्हणत. आम्हां भावंडांना ते खरे वाटे. परप्रांतातील मराठी घरांतून हे वाक्य अद्यापही ऐकू येते, म्हणून हे लिहावेसे वाटले.

मला आता वाटते, यात रक्ताचा संबंध थोडा आणि दाराचा अधिक. परक्या गावी आलेल्या माणसाला जे दार प्रथम उघडते, त्याच दाराशी तो आपल्या मुलांना नेऊन उभे करतो. आजोबांना उघडले ते कचेरीचे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानास लागू झाले. अशा राज्यात लिहिणाऱ्या हाताला मान होता आणि दरमहा पगारही होता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ते दार लोटले गेले. आमच्या घरचे पाठांतर मात्र चालूच राहिले. माझ्या दोघी बहिणी पदवीधर झाल्या त्या याच शिस्तीमुळे, हे मान्य केले पाहिजे.

शेजारी चरोतरातील एक पाटीदार कुटुंब राहत असे. त्यांचे आप्त युगांडात दुकानदारी करीत. या घरातील मुले शाळेतून येत, दप्तर टाकीत आणि थेट दुकानी जाऊन तोंडी हिशेब करीत. ‘पोरे हुशार, पण अभ्यासाचे वळण नाही,’ असे आजोबा हळहळत. वळण होते, ते दुसऱ्या दाराकडे जाणारे होते, इतकेच. पुढे ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना देश सोडण्यास ९० दिवसांची मुदत दिली, आणि ते आप्त थोडक्या सामानानिशी इंग्लंडात लेस्टरला पोहोचले. काही वर्षांनी त्यांतील एक काकू बडोद्यास आल्या, तेव्हा मुलांच्या परीक्षांखेरीज त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. ‘दुकान कुणीही काढून घेतो, भाई, डिग्री कोण घेणार?’ त्या म्हणाल्या. घराणे तेच, रक्तही तेच. आजोबा तोवर हयात नव्हते. असते तर मी त्यांना मुद्दाम ऐकवायला नेले असते.

पण मी तरी कोणत्या तोंडाने नेणार होतो?

माझा धाकटा भाऊ १९५९ साली मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला. वाड्यातील बंद पडलेला प्रत्येक रेडिओ त्याच्या हातून पुन्हा बोलू लागे. पण ती घरात ‘खटपट’ समजली जाई. वास्तविक महाराजांनीच १८९० मध्ये काढलेले कलाभवन घरापासून चालत जाण्याइतके जवळ. दादासाहेब फाळके तेथे शिकले. त्या इमारतीवरून आम्ही रोज जात असू, पण ती आपल्या मुलासाठीही असू शकेल असे कुणाच्या मनात आले नाही. अखेर शेजारच्या काकांनी आपल्या दुकानाचा एक कोपरा भावाला दिला, वर थोडे भांडवलही उसने दिले. वडील शेवटपर्यंत त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. माझ्या एम.ए.ची फी मात्र त्याच दुकानातून आली.

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीच्या मामांनी सहज विचारले, ‘धाकटे काय करतात?’ मी चटकन म्हणालो, ‘एका इंजिनियरिंग कंपनीत असतो.’ तेवढ्यात पाहिले, तर पाहुण्यांच्या चहाचा ट्रे घेऊन तो दारातच उभा होता.

त्याने सर्वांना चहा दिला. मला दिला तेव्हा साखर पुरेशी आहे ना, असेही विचारले. या गोष्टीला साठ वर्षे होत आली. तो विषय त्याने कधी काढला नाही. मीही काढलेला नाही.